विनाचालक गाड्यांवरचा अविश्वास : पार्श्वभूमी

स्वतःहून धावणाऱ्या गाड्यांना लोक घाबरतात, याचे खापर कंपन्या बहुतेक वेळा लोकांच्या अज्ञानावर फोडतात. नवे काही आले की लोक बिचकतातच, सवय होईल, असा सूर असतो. अमेरिकेतल्या गेल्या दहा वर्षांच्या नोंदी चाळल्या तर चित्र निराळे दिसते. गाड्या धडकल्या म्हणून संशय आलाच. पण धडकेनंतर काय सांगितले गेले आणि काय गाळले गेले, त्याने तो मुरला.

या कल्पनेचे जुने दिवस पटकन उरकता येतात. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात एका मोटार कंपनीने आपोआप चालणाऱ्या गाड्यांचा महामार्ग नमुन्यात दाखवला. मग कित्येक दशके काम प्रयोगशाळांतच राहिले. मार्च २००४ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन शाखेने मोहावी वाळवंटात १० लाख डॉलर बक्षिसाची शर्यत ठेवली. १५ गाड्या निघाल्या, एकही पोचली नाही. सगळ्यांत पुढची गाडी साडेसात मैलांच्या आतच अडकली. पुढच्याच वर्षी पाच गाड्यांनी शर्यत पूर्ण केली. २००९ मध्ये एका शोधयंत्र कंपनीने या स्पर्धांतले बिनीचे लोक गोळा करून गुपचूप प्रकल्प सुरू केला. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या कायद्यावर सही होत असताना त्या कंपनीच्या एका संस्थापकाने पाच वर्षांत सामान्य माणूस अशा गाडीतून फिरेल असे सांगून टाकले. पाच वर्षांनी, २०१७ मध्ये, फिनिक्सच्या उपनगरांतली काही निवडक कुटुंबे त्या गाड्यांत बसत होती.

या काळात प्रत्येक भाषणात एक आकडा असे: ९४ टक्के अपघात माणसाच्या चुकीने होतात. तो अमेरिकी सरकारच्या रस्तेसुरक्षा यंत्रणेच्या २०१५ च्या एका छोट्या टिपणातला. घटनांच्या साखळीतली शेवटची कडी ९४ टक्के वेळा चालकाकडे नोंदवली गेली, एवढेच ते टिपण म्हणत होते. याला अपघाताचे कारण समजू नये, असेही त्यातच लिहिले होते. अंधारा रस्ता, चुकीचे वळण, नीट न दिसणारा थांबा हे सगळे त्या कडीच्या मागे राहते. भाषणांत खुलासा गळाला, आकडा राहिला. २०२० मध्ये विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या एका संशोधन संस्थेने हिशेब मांडला, की माणसाचे नजरचुकीचे आणि झोपेचे दोष तेवढे काढले तर साधारण एक तृतीयांश अपघातच टळतील. जानेवारी २०२२ मध्ये अपघातांचा तपास करणाऱ्या स्वतंत्र मंडळाच्या प्रमुखांनी जाहीर आक्षेप घेतला, तेव्हा कुठे वाहतूक खात्याने तो आकडा आपल्या संकेतस्थळावरून काढला.

पण आकड्यांच्या या प्रकरणात खरे घोडे पेंड खाते ते जानेवारी २०१७ च्या एका निर्णयापाशी, आणि त्याला थोडी जास्त जागा द्यायला हवी.

७ मे २०१६ रोजी फ्लोरिडातल्या विलिस्टनजवळ विजेवर चालणारी एक गाडी, ऑटोपायलट ही तिची चालक-साहाय्य प्रणाली चालू असताना, महामार्ग ओलांडणाऱ्या मोठ्या ट्रेलरखाली घुसली आणि चालक जागीच गेला. ट्रेलरची पांढरी बाजू उजळ आकाशात वेगळी ओळखू आली नाही, असे कंपनीने तेव्हा सांगितले. रस्तेसुरक्षा यंत्रणेने चौकशी उघडली आणि १९ जानेवारी २०१७ ला, म्हणजे वॉशिंग्टनमध्ये सत्तांतर व्हायच्या आदल्या दिवशी, दोष आढळला नाही म्हणून बंद केली. अहवालात एक वाक्य जादा होते: स्टिअरिंग सांभाळणारी सुविधा आल्यावर या गाड्यांच्या अपघातांचा दर जवळपास ४० टक्क्यांनी उतरला. दर १० लाख मैलांमागे एअरबॅग उघडण्याच्या घटना १.३ वरून ०.८ वर आल्या होत्या. चौकशीच्या निष्कर्षाला या वाक्याची गरजच नव्हती. कंपनीला मात्र ते वरदान ठरले. मार्च २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यूला आणखी एक चालक गेला, तेव्हा कंपनीने निवेदनात हाच ४० टक्क्यांचा दाखला सरकारचा म्हणून पुढे केला. मे मध्ये यंत्रणेला सांगावे लागले, की सुविधा किती परिणामकारक आहे हे आम्ही तपासलेच नव्हते.

मग तो आकडा आला कुठून? एका छोट्या सांख्यिकी सल्लागार संस्थेने मूळ माहिती मागितली. यंत्रणेने ती कंपनीची गोपनीय माहिती म्हणून नाकारली. संस्था कोर्टात गेली आणि माहिती हातात पडायला २०१८ चे वर्ष संपत आले. एकूण ४३,७८१ गाड्यांच्या नोंदी होत्या, पण सुविधा बसवण्याआधी आणि नंतर गाडी नेमकी किती चालली हे फक्त ५,७१४ गाड्यांबाबत पूर्ण नोंदलेले होते. बाकी बऱ्याच गाड्यांचे आधीचे मैल गहाळ होते, आणि ते गहाळ मैल हिशेबात जणू शून्य धरले गेले होते. अपघात मोजले, मैल मोजलेच नाहीत. साहजिकच ‘आधीचा’ दर फुगला आणि ‘नंतरचा’ दर त्याच्या मानाने उतरलेला दिसला. ज्या गाड्यांच्या नोंदी पूर्ण होत्या त्यांत तर दर ५९ टक्क्यांनी वाढलेला निघाला.

एवढ्या छोट्या गटावरून सुविधा धोक्याची आहे असे म्हणता येत नाही. मुद्दा तो नाहीच. कंपनीने दिलेल्या अर्धवट माहितीवर नियामकाने शिक्का उठवला, आकडेमोड तपासायला मागितली तेव्हा ती गुपित ठरवली, आणि तोवर तो आकडा दोन वर्षे जाहिरातीसारखा फिरला. सप्टेंबर २०१७ मध्येच तपास मंडळाने त्याच विलिस्टनच्या अपघातात गाडीची रचनाच चालकाला गाफील राहू देत होती असा ठपका ठेवला होता. एकाच अपघातावर दोन सरकारी संस्था वेगवेगळे बोलत होत्या, आणि बातम्यांत गाजली ती कंपनीला सोयीची बाजू. या क्षेत्रात पुढे जे शंकेखोर म्हणून ओळखले गेले, त्यांच्या लिखाणात हे प्रकरण वारंवार येते.

दुसरा धक्का ॲरिझोना राज्यातल्या टेम्पी शहराचा. डिसेंबर २०१६ मध्ये एका टॅक्सी-ॲप कंपनीने कॅलिफोर्नियात चाचणीचा परवाना घ्यायला नकार दिला, तिच्या गाड्यांची नोंदणी रद्द झाली, आणि ती गाड्या ट्रकवर चढवून ॲरिझोनाला निघून गेली. तिथल्या राज्यपालांनी जाहीर स्वागत केले. १८ मार्च २०१८ च्या रात्री टेम्पीत सायकल हातात धरून रस्ता ओलांडणारी एक महिला त्या गाडीखाली मेली. तपासात निघाले ते असे: धडकेच्या ५.६ सेकंद आधी ती गाडीच्या प्रणालीला दिसली होती. प्रणाली तिला कधी वाहन म्हणे, कधी सायकल, कधी ‘इतर’, आणि ओळख बदलली की आधीची हालचाल विसरून पुन्हा पहिल्यापासून अंदाज बांधे. ठरलेल्या जागेशिवाय माणूस रस्ता ओलांडू शकतो, ही शक्यता प्रणालीत धरलेलीच नव्हती. गाडी उगाच झटके देते म्हणून धोका दिसल्यावरही एक सेकंद काहीच न करण्याची सोय ठेवलेली होती, आणि मूळ कारखान्याचे आपत्कालीन ब्रेक चाचणीपुरते बंद होते. २०१९ मध्ये सरकारी वकिलांनी कंपनीवर फौजदारी जबाबदारी येत नाही असे ठरवले. खटला चालला तो चालकाच्या जागी बसून मोबाइलवर कार्यक्रम पाहणाऱ्या कर्मचारी बाईवर; २०२३ मध्ये तिने गुन्हा कबूल केला. कंपनीने तोवर हा विभागच विकून टाकला होता.

तिसरे प्रकरण सॅन फ्रान्सिस्कोचे. १० ऑगस्ट २०२३ रोजी राज्याच्या नियामक आयोगाने दोन कंपन्यांना शहरभर चोवीस तास भाड्याने गाड्या फिरवायची मुभा दिली. मतदान ३ विरुद्ध १. अग्निशमन दल विरोधात होते. गाड्या बंबांच्या वाटेत अडकत असल्याच्या नोंदींची थप्पी त्यांनी समोर ठेवली. बाजूने मत देणाऱ्यांपैकी एक सदस्य पूर्वी त्यांतल्याच एका कंपनीचे वकील होते. २ ऑक्टोबरला त्याच कंपनीच्या गाडीसमोर, दुसऱ्या एका माणूस-चालित गाडीने उडवलेली महिला येऊन पडली. विनाचालक गाडी थांबली, आणि मग ‘कडेला घेण्यासाठी’ तिला सुमारे २० फूट फरफटत घेऊन गेली. पहिली धडक कंपनीची चूक नव्हती, आणि कंपनी सगळ्यांना तेवढेच सांगत राहिली. फरफटीचा भाग आम्हाला दाखवलाच नाही, असे म्हणत राज्याच्या वाहन खात्याने २४ ऑक्टोबरला परवाने थांबवले. दाखवला होता, पण इंटरनेट अडखळत होते, असे कंपनीनेच नेमलेल्या वकिलांच्या अहवालात नंतर आले. तोंडाने मात्र कुणी सांगितले नव्हते. २०२४ मध्ये खोटा अहवाल दिल्याबद्दल कंपनीने ५ लाख डॉलर दंड मान्य केला. डिसेंबरमध्ये मालक कंपनीने १० अब्ज डॉलरहून अधिक ओतून झाल्यावर हा धंदाच गुंडाळला.

हेतूंविषयीची शंकाही हवेतून आलेली नाही. भाडे महाग पडते ते गाडीतल्या त्या दुसऱ्या माणसामुळे, असे टॅक्सी-ॲप कंपनीच्या प्रमुखाने २०१४ मध्ये उघड सांगितले होते. जीव वाचवण्याची भाषा ठळक झाली ती कायदे करायची वेळ आल्यावर. सप्टेंबर २०१७ मध्ये अमेरिकी प्रतिनिधी सभेने मंजूर केलेल्या विधेयकात नेहमीच्या सुरक्षा मानकांतून सूट मिळणाऱ्या गाड्यांची मर्यादा प्रत्येक कंपनीमागे वर्षाला २,५०० वरून टप्प्याटप्प्याने १ लाखावर जाणार होती, आणि राज्यांचे हात बांधले जाणार होते. सिनेटमध्ये ते अडकले. विजेच्या गाड्यांच्या कंपनीने २०१६ पासून ‘पूर्ण स्वयंचालन’ या नावाने पैसे घेतले. त्याला ‘देखरेखीखाली’ हा शब्द जोडायला २०२४ उजाडले. नोव्हेंबर २०२५ मध्ये भागधारकांनी मंजूर केलेल्या तिच्या प्रमुखाच्या मोबदल्यात १० लाख रोबोटॅक्सी हे एक उद्दिष्ट आहे. अशा माणसाच्या तोंडून सुरक्षेचा आकडा ऐकताना लोक ताक फुंकून पितात, यात नवल काय?

शोधयंत्र कंपनीच्या घराण्यातली गाडी मात्र वेगळी निघाली, हे मान्य करायला हवे. तिने २०२५ मध्ये १० कोटी मैलांचा टप्पा ओलांडला, आणि तिच्या प्रसिद्ध आकड्यांत जखमी करणारे अपघात माणसांच्या तुलनेत बरेच कमी आहेत. अभ्यास करणाऱ्यांत तिचेच कर्मचारी आहेत, आणि मृत्यूंबाबत निष्कर्ष काढायचा तर एका संशोधन संस्थेच्या २०१६ च्या गणिताने एकही मृत्यू न होता २७.५ कोटी मैल लागतात. तरी नोंदी बाहेरच्यांना तपासता येतात, हा फरक मोठा आहे. २०२५ च्याच अखेरीस मुलांना उतरवणाऱ्या थांबलेल्या शाळेच्या बसला ओलांडल्यावरून तिलाही सॉफ्टवेअर परत सुधारून द्यावे लागले.

उरला प्रश्न नोंदींचा. जून २०२१ मध्ये रस्तेसुरक्षा यंत्रणेने आदेश काढला, की धडकेआधीच्या ३० सेकंदांत स्वयंचलित प्रणाली चालू असेल तर अपघात कळवायचा. अट ३० सेकंदांची का, हे वर्षभराने स्पष्ट झाले: तपासलेल्या १६ अपघातांत ऑटोपायलटने सरासरी शेवटच्या एका सेकंदाच्या आत ताबा सोडला होता. जून २०२५ मध्ये हा आदेश सैल झाला. चालक-साहाय्य प्रणालीच्या ज्या अपघातांत गाडी फक्त ओढून न्यावी लागली, ते आता कळवावे लागत नाहीत. जे कळवले जातात ते सार्वजनिक तक्त्यात दिसतात, आणि त्यात अपघात कसा घडला याचा एक रकाना असतो. बाकीच्या कंपन्या तिथे परिच्छेदभर मजकूर लिहीत असताना विजेच्या गाड्यांच्या कंपनीच्या ओळींत २०२५ मध्ये ठिकठिकाणी एवढेच होते: व्यावसायिक गोपनीय माहिती, वगळली आहे.