कापडाचं कपाट कधीपासून भरायला लागलं? घरच्या शिवणकामाची पार्श्वभूमी

घरी शिवणाऱ्यांच्या दोन तक्रारी कायमच्या: शिवायला वेळ पुरत नाही आणि कापड ठेवायला जागा. पहिली तक्रार सुईइतकीच जुनी असावी. दुसरी जेमतेम पन्नासेक वर्षांची आहे. त्याआधी सामान्य घरात कापड उरायचंच नाही, आणि उरलं तर लगेच कशाला तरी जोडलं जायचं. शिवण हे गरजेचं काम न राहता छंद झाला, त्याच सुमारास कपाटंही भरू लागली. कापड कसं ठेवावं याचे आज जे सल्ले फिरतात, त्यांतले बरेचसे हा क्रम लक्षात न घेता दिलेले असतात.

कापड महाग, हात स्वस्त

हाताने सूत काततात तेव्हा एका विणकराला पुरेल एवढं सूत द्यायला कित्येक कातणारे लागतात. त्यामुळे यंत्रयुगापूर्वी कपड्याच्या किमतीत मोठा वाटा कापडाचा असे, शिलाईचा नसे. जुन्या कपड्यांच्या बेतात, म्हणजे कापड कापायच्या आखणीत, हे सरळ दिसतं. अठराव्या शतकातला युरोपातला सदरा घ्या: अंग, बाह्या, कॉलर, मनगटपट्ट्या, सगळे चौकोन नाहीतर आयत. हात उचलायला सैलपणा हवा म्हणून काखेत गोलाई न कापता एक छोटा चौकोनी तुकडा तिरका बसवलेला असे. पन्हा (कापडाची रुंदी) या काठापासून त्या काठापर्यंत वापरलेला. कात्रण म्हणून हाती काही लागतच नसे.

१७६४ च्या सुमारास हारग्रीव्ह्जची स्पिनिंग जेनी हे कताईयंत्र आलं, १७६९ मध्ये आर्कराइटने पाण्यावर चालणाऱ्या कताईयंत्राचं पेटंट घेतलं आणि १७८५ मध्ये कार्टराइटने यंत्रमागाचं. कापड भराभर निघू लागलं, शिलाई मात्र पूर्वीच्याच वेगाने, हातानेच चालू राहिली. शिवणयंत्राची खरी निकड इथून सुरू होते.

त्या काळी साठा कापडाचा नव्हता, बारीकसारीक साहित्याचा होता. शिवणपेटीत सुया, टाचण्या, मेण, अंगुस्तान, बटणं. चांगली सुई मोलाची आणि ती गंजायची, म्हणून एमरीची (घासायच्या कठीण दगडाची) पूड भरलेली छोटी गादी पेटीत असे. सुई तिच्यात दोनचार वेळा खुपसून काढली की गंज आणि चिकटपणा जातो. हा उपाय आजही चालतो. फक्त सुई कायमची तिथे टोचून ठेवू नये. रोजच्या वापराच्या गादीत लोकर भरलेली उत्तम.

यंत्र घरात आलं

फ्रान्समध्ये बार्थेलेमी तिमोनिएने १८३० मध्ये पेटंट घेतलेलं यंत्र साखळीटाका घालायचं. त्यावर सैनिकांचे गणवेश शिवून निघू लागले, तेव्हा पोट मारलं जाईल या भीतीने शिंप्यांनी त्याच्या कारखान्यातली यंत्रं फोडली. साखळीटाक्याला एकच धागा लागतो, आणि त्याचं योग्य टोक ओढलं की अख्खी शिवण सरसर उसवते. धान्याच्या पोत्याचं तोंड याच टाक्याने शिवतात ते म्हणूनच. अंगावरच्या कपड्याला हा गुण परवडणारा नाही.

दोन धाग्यांचा टाका अमेरिकेत वॉल्टर हंटने १८३० च्या दशकात जमवला होता, पण पेटंट घेतलं नाही. एलियास हाउने १८४६ मध्ये घेतलं. आयझॅक सिंगरच्या १८५१ च्या यंत्रात सुई सरळ उभी चालू लागली आणि कापड आडव्या पाटावर फूटखाली दाबलं जाऊ लागलं. ऍलन विल्सनने १८५४ मध्ये कापड सरकवणाऱ्या दात्यांची चार हालचालींची रचना पक्की केली: वर, पुढे, खाली, मागे. ती अजूनही तीच आहे. या सगळ्यांचे दावे एकमेकांत इतके अडकले की १८५६ मध्ये चार पक्षांनी पेटंटं एकत्र केली आणि ती जोडणी १८७७ पर्यंत चालली. त्याच १८५६ मध्ये सिंगर कंपनीने हप्त्याने विक्री सुरू केली. घराघरांत यंत्र पोचायला तांत्रिक सुधारणांइतकाच या हप्त्यांचा हात आहे.

वेग किती वाढला? १८६० च्या दशकात प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत पुरुषी सदऱ्याला हाताने १४ तासांहून जास्त आणि यंत्राने सव्वा तासाच्या आसपास वेळ दाखवला आहे. आकडे यंत्र विकणाऱ्यांचे होते, तेव्हा थोडं मीठ-मसाला धरून चालावं. तरी दिशा खरी होती.

यंत्राच्या या दोन धाग्यांच्या टाक्याचं काम जवळून पाहण्यासारखं आहे, कारण नवशिक्यांची निम्मी दुखणी तिथेच असतात. सुई तळाला जाऊन किंचित वर येते, तेव्हा धागा कापडात अडकून मागे राहतो आणि सुईच्या मागच्या खाचेपाशी त्याचा छोटा फासा तयार होतो. हुकाचं टोक तो फासा पकडून बॉबिनच्या, म्हणजे खालच्या धाग्याच्या छोट्या रिळाच्या, भोवती फिरवतं. मग वरचा दांडा उरलेला धागा खेचून घेतो आणि दोन्ही धाग्यांची गाठ कापडाच्या जाडीत मध्यावर बसते. आता कापडाखाली धाग्यांचा गुंता झाला, की लोक बॉबिन बदलत बसतात. दोष बहुतेक वेळा वर असतो. फूट (कापड दाबणारा पाय) खाली ठेवून धागा ओवला, तर टेन्शनच्या, म्हणजे धाग्याला ताण देणाऱ्या, चकत्या मिटलेल्या असतात आणि धागा त्यांच्यात शिरतच नाही. वरून ताण नाही, म्हणून सगळा जादा धागा खाली लोंबतो. फूट उचला, धागा पूर्ण काढा, पुन्हा ओवा. टाके सुटत असतील तर सुई पाहावी: बोथट तरी झालेली असते, नाहीतर तिची चपटी बाजू चुकीच्या दिशेला असते.

पायमशीनच्या टेबलाचे खण ही घरातली शिवणसाहित्याची पहिली ठरलेली जागा. यंत्राला लावायच्या जोडण्या भरपूर येत: दुमड घालणारी, चुण्या पाडणारी, कडेला पट्टी बसवणारी. १८८९ च्या पेटंटची एक लाकडी पेटी तर अशी होती की उघडली की चारही बाजूंनी सपाट पसरायची आणि प्रत्येक जोडणीला आपापला कप्पा असायचा. साहित्य लावण्याबाबत तिच्यापुढे आपण फारसे गेलेलो नाही.

कागदी बेत आणि मापांचा घोळ

यंत्र आलं तरी बेतायचं कसं, हा प्रश्न उरलाच. मासिकांतून आराखडे यायचे, पण ते एकाच मापाचे, स्वतः मोठे करून घ्यायचे. मॅसॅच्युसेट्समधल्या एबेनेझर बटरिक या शिंप्याने १८६३ मध्ये वेगवेगळ्या मापांचे तयार कागदी बेत विकायला काढले. आधी पुरुषांचे आणि मुलांचे, नंतर बायकांचे. पातळ टिश्यू कागद निवडला, कारण तो घडी करून टपालाने पाठवता येतो. त्यावर काही छापलेलं नसे. खुणा म्हणून भोकं आणि खाचा. कुठलं भोक म्हणजे टक्स (आकारासाठी घालायची चिमटी) आणि कुठलं म्हणजे कापडाच्या उभ्या धाग्याची दिशा, हे शिवणाऱ्याने ओळखायचं. छापील खुणांचे बेत विसाव्या शतकात रूढ झाले.

पुढे पाकिटामागे तक्ता येऊ लागला: अमुक पन्ह्याचं कापड असेल तर इतकं लागेल, अस्तर इतकं, बटणं इतकी. या तक्त्याने खरेदीला शिस्त लावली. बेत आधी ठरायचा, कापड नंतर यायचं, आणि शिवून संपायचं.

मापांचा घोळ मात्र आजतागायत आहे. तयार कपड्यांचे नंबर कंपन्यांनी हळूहळू सैल केले, अमेरिकी कागदी बेत जुन्या तक्त्यांच्या जवळ राहिले. म्हणून दुकानात ज्या नंबरचा कपडा बसतो त्याच नंबरचा बेत घेतला, की तो घट्ट होतो. नंबर विसरून छाती, कंबर आणि नितंबांचं माप टेपने घ्यावं आणि पाकिटावरच्या आकड्यांशी ताडावं. शिलाईची मार्जिनही पाहून घ्यावी. अमेरिकी बेतांत ती बहुधा धरलेली असते, ५/८ इंच म्हणजे साधारण दीड सेंटिमीटर. अनेक युरोपीय मासिकांच्या बेतांत ती धरलेली नसते, स्वतः वाढवावी लागते.

टंचाईने शिकवलेलं

ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांवर रेशन आलं. कापडालाही कुपनं लागू लागली. १९४३ मध्ये सरकारने जुन्यातून नवं करण्यावर पुस्तिकाच काढली. त्या काळातली एक युक्ती अजून वापरण्याजोगी आहे: कॉलर उलटणं. शर्टाची कॉलर मानेच्या घडीवर विरते, खालची बाजू शाबूत असते. कॉलर आणि तिची पट्टी जिथे जोडलेली असते तेवढीच शिवण उसवायची, मध्यावर टाचणी लावून कॉलर वरची खाली करायची आणि त्याच जागी परत शिवायची. मध्य जुळवला नाही तर एक टोक पुढे येतं, आणि ते लपत नाही.

छंद झाला आणि साठा वाढला

युद्धानंतर कापडाचे प्रकार वाढले. पॉलिएस्टरचा शोध ब्रिटनमध्ये १९४१ चा, लायक्रा या ताणल्या जाणाऱ्या धाग्याचा अमेरिकेत १९५८ चा. घरगुती यंत्रांना झिगझॅग (नागमोडी) टाका आला, १९६० च्या दशकात जपानमधून कापडाच्या कडा बांधणारं, घरी वापरण्याजोगं छोटं ओव्हरलॉक यंत्रही. दुसरीकडे तयार कपडे इतके स्वस्त होत गेले की नुसतं कापडच कपड्याहून महाग पडू लागलं. काटकसर हे घरी शिवण्याचं कारण उरलं नाही. जे शिवत राहिले, ते आवडीने.

याच वेळी अमेरिकेत तुकडे जोडून केलेल्या रजयांना नवी प्रतिष्ठा मिळाली. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने जुन्या रजया भिंतीवर चित्रांसारख्या टांगल्या. १९७९ मध्ये जपानच्या ओल्फा कंपनीने गोल पात्याचं कटर आणलं. चटई आणि पट्टीबरोबर ते वापरलं की कापडाचे चारसहा थर एकदम अचूक कापता येतात. रजईवाल्यांसाठी कापड छोट्या तुकड्यांत विकलं जाऊ लागलं. पाव यार्डाची लांब पट्टी ९ × ४४ इंचांची निघते, तीतून मोठा चौकोन मिळत नाही. म्हणून अर्धा यार्ड कापून मधून दुभागायचा आणि १८ × २२ इंचांचा ‘फॅट क्वार्टर’ द्यायचा, अशी रीत पडली. असा तुकडा घ्यायला कुठलाही बेत ठरलेला असावा लागत नाही. रंग आवडला, घेतला. पाकिटावरच्या तक्त्याने घातलेला बांध इथे फुटला.

कापड रंगांच्या क्रमाने लावायची पद्धतही रजईवाल्यांकडूनच आली. त्यांना ती सोयीची, कारण त्यांचं बहुतेक कापड एकाच जातीचं सुती असतं आणि निवड रंगावरच होते. कपडे शिवणाऱ्यांनी तिची नक्कल करणं मात्र चूक आहे, फोटोत कितीही छान दिसो. निळं लिनन, निळं ताणलं जाणारं जर्सी आणि निळं अस्तर शेजारी ठेवून काय साधणार? कपड्यांसाठी आधी जात आणि वजन, मग लांबी, रंग सगळ्यात शेवटी.

प्रत्येक तुकड्याला चिठ्ठी हवी, आणि तिच्यावर चार गोष्टी: जात, पन्हा, लांबी, धुतलं की नाही. चिठ्ठी काठाला धाग्याने बांधावी. टाचणी गंजून डाग सोडते. लांबी ठाऊक असली की निर्णय लवकर होतो. पूर्ण बाह्यांच्या शर्टाला ४४ इंच पन्ह्यात साधारण अडीच मीटर लागतं, ५८ इंचांत पावणेदोनच्या आसपास भागतं.

जात आठवत नसेल तर काठाचे चार धागे चिमट्यात धरून, धातूच्या ताटलीवर, पाण्याची वाटी जवळ ठेवून जाळून पाहावेत. सुती धागा कागदासारखा वास देतो आणि मऊ राख सोडतो. रेशीम आणि लोकर यांना केस जळल्यासारखा वास येतो, त्यांची काळी गुठळी चिमटीत चुरते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. मिश्र कापड दोन्ही खुणा दाखवतं.

धुण्याचा मुद्दा तर टाळताच येत नाही. विणताना आणि गिरणीत पुढची प्रक्रिया होताना कापड ताणलेलं असतं. पहिल्या पाण्यात तो ताण सुटतो आणि ते आटतं. १९३० च्या सुमारास सॅनफर्ड क्लुएटने गिरणीतच कापड आटवून घेण्याची सॅनफोरायझिंग पद्धत आणली, पण सगळ्याच कापडावर ती प्रक्रिया होत नाही. सुती कापड तीनपाच टक्के सहज जातं, म्हणजे एक मीटर लांबीच्या झग्याची तीनपाच सेंटिमीटर. कपडा पुढे जसा धुणार, तसंच कापड आधी धुवावं, आणि ते कपाटात जाण्यापूर्वी. धुतलेलं-न धुतलेलं एकत्र झालं की कोण आठवत बसणार!

घडीसाठी ६ × २४ इंचांची पट्टी हाताशी असली की काम सोपं होतं. काठ काठाला लावा, ४४ चे २२ इंच झाले. पुन्हा दुमडा, ११ झाले. आता पट्टीवर लांबीच्या दिशेने गुंडाळत जा आणि शेवटी पट्टी ओढून काढा. सगळ्या घड्या एका मापाच्या होतात आणि उभ्या लावल्या तर खालची काढताना वरच्या ढासळत नाहीत. ५८-६० इंची कापड तीन पदरी दुमडावं. मखमल घडीत ठेवू नये, लव दबते, नळीवर गुंडाळावी. रेशमाच्या घड्या वर्षातून एकदोनदा जागा बदलून घालाव्यात. उघड्या शेल्फवर ऊन येत असेल तर घडीच्या कडेला विटका पट्टा उमटतो आणि तो नेमका झग्याच्या मधोमध येतो. पूर्ण वाळलेलं नसताना बंद प्लॅस्टिकमध्ये घातलं तर बुरशी ठरलेली.

दोरा आणि इलास्टिकही जुनं होतं. जुन्या रिळाचा फूटभर धागा दोन्ही हातांनी ताणावा. टचकन तुटला तर तो कच्च्या टाक्यापुरता. इलास्टिक ताणल्यावर बारीक करकर ऐकू आली तर आतलं रबर संपलंय. २०२० मध्ये मास्क शिवायला जगभर बसलेल्या अनेकांना हे कळलं ते बाजारातलं नवं इलास्टिक संपल्यावर, घरातलं जुनं बाहेर काढलं तेव्हा.

आता कागदी बेतांची जागा पीडीएफ घेत आहेत, त्यामुळे खणातली पाकिटं कमी झाली. पण छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू राहिला तर प्रिंटर सगळं गुपचूप थोडं लहान करतो. पहिल्या पानावरचा १० सेंटिमीटरचा चौकोन मोजा. तो ९.७ भरला, तर १०० सेंटिमीटर घेराचा कपडा ९७ चाच निघेल. बाकीची पानं छापण्याआधी प्रमाण १०० टक्क्यांवर आणा आणि ते पान पुन्हा छापून मोजा.