पार्श्वभूमी : मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं स्क्रीनिंग आणि ‘पॉझिटिव्ह’ची रेषा

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या स्क्रीनिंगवर, म्हणजे लक्षणं नसलेल्यांच्या तपासणीवर, संशोधन करायचं ठरवणाऱ्याला आयुष्याचा मोठा हिस्सा त्यासाठी बाजूला काढावा लागतो. पॉलिपचा, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरच्या छोट्या गाठीचा, कर्करोग व्हायला साधारण दहा वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात. त्यामुळे आज सुरू केलेल्या तपासणीने मृत्यू टळले का, हे कळायलाही तेवढंच थांबावं लागतं. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात १९७५ साली सुरू झालेल्या अभ्यासाचं पहिलं मोठं उत्तर १९९३ मध्ये आलं आणि तीस वर्षांच्या पाठपुराव्याचं २०१३ मध्ये. एका प्रश्नात एका माणसाची अख्खी नोकरी संपते. आजच्या स्क्रीनिंगच्या बहुतेक सवयी, आणि बहुतेक वादही, त्या अभ्यासातून आले आहेत.

शौचातलं न दिसणारं रक्त ग्वायाक नावाच्या झाडाच्या राळेने ओळखता येतं, हे एकोणिसाव्या शतकापासून माहीत होतं. १९६०च्या दशकात ही राळ लावलेली कागदी कार्डं आली आणि चाचणी घरी करता येऊ लागली. पद्धत अशी : सलग तीन वेळच्या शौचातून दोन-दोन ठिकाणचा पातळ थर कार्डाच्या सहा खिडक्यांवर लावायचा, कार्ड वाळवायचं आणि पाठवायचं. प्रयोगशाळेत त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकतात. एका मिनिटात निळा रंग आला तर पॉझिटिव्ह. हा रंग हिमोग्लोबिनमधल्या हीम या लोह असलेल्या भागामुळे येतो, पण हीम कुणाचं आहे हे राळेला कळत नाही. आदल्या दिवशी खाल्लेलं मटणही निळं दिसू शकतं. कच्च्या मुळ्यातलं पेरॉक्सिडेज हे विकरही (एन्झाइम) तसंच. उलट क जीवनसत्त्वाच्या गोळ्या भरपूर घेतल्या असतील तर खरं रक्त असूनही रंग येत नाही.

मिनेसोटातला कळीचा निर्णय त्यानंतरचा आहे. ५० ते ८० वयोगटातले ४६,५५१ लोक अभ्यासात होते आणि कार्डं टपालाने येत होती. वाटेत नमुना वाळायचा आणि वाळलेला नमुना थोडंसं रक्त लपवायचा. म्हणून रसायन टाकण्याआधी कार्डावर पाण्याचा एक थेंब टाकायचा, असं ठरलं आणि बहुतेक कार्डं तशीच वाचली गेली. या एका थेंबाने चाचणीचा स्वभाव बदलला. पॉझिटिव्ह कार्डांचं प्रमाण २.४ टक्क्यांवरून ९.८ टक्क्यांवर गेलं. कर्करोग पकडण्याची क्षमता ८०.८ वरून ९२.२ टक्के झाली, पण निरोगी माणसाला निरोगी म्हणण्याची क्षमता सुमारे ९८ वरून ९०.४ टक्क्यांवर घसरली. कारण सोपं आहे : पाण्याने वनस्पतींचं पेरॉक्सिडेजही जागं होतं. दरवर्षी तपासल्या जाणाऱ्या गटातल्या ३८ टक्के लोकांची अभ्यासाच्या काळात निदान एकदा कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, झाली.

१९९३ मध्ये निष्कर्ष आला की दरवर्षी तपासलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू ३३ टक्क्यांनी कमी झाले. पुढच्याच वर्षी आक्षेप आला : इतक्या लोकांची कोलोनोस्कोपी केली तर कार्ड काहीही म्हणो, काही कर्करोग योगायोगानेच सापडणार, फायद्याचा तिसरा ते निम्मा हिस्सा असाच असेल. आक्षेप बिनबुडाचा नव्हता, पण नंतरच्या फेरहिशोबात योगायोगाचा वाटा बराच लहान निघाला. शिवाय १९९६ मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचे आणि डेन्मार्कमधल्या फ्युनेन बेटावरचे निकाल आले. तिथे पाण्याचा थेंब टाकला नव्हता, तपासणी दोन वर्षांनी एकदाच होती, तरीही मृत्यू अनुक्रमे १५ आणि १८ टक्क्यांनी घटले होते. इथे वाद मिटायला हवा होता. तरी ‘थेंब टाकायला नको होता’ हे आजही ऐकू येतं. मात्र थेंब टाकला नसता तर वाळलेल्या कार्डांत किती कर्करोग निसटले असते, हे त्या तक्रारीत कधी येत नाही.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. दोन वर्षांनी एकदा तपासलेल्या गटात तेरा वर्षांनंतर जेमतेम ६ टक्के फरक होता, म्हणजे नसल्यासारखाच. अठरा वर्षांनंतर तोच फरक २१ टक्के झाला. घाईने अभ्यास बंद केला असता तर उत्तर चुकलं असतं.

दुर्बिणीचा इतिहास समांतर चालतो. १९६९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये कोलोनोस्कोपमधून तारेच्या फासाने पॉलिप काढला गेला आणि कर्करोग होण्याआधीच त्याचं मूळ काढणं शक्य झालं. २०१० मध्ये ब्रिटनमधल्या अभ्यासाने दाखवलं की ५५ ते ६४ वयात आतड्याचा फक्त खालचा भाग एकदा तपासला तरी हा कर्करोग होण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी घटतं. ॲस्पिरिनच्या गोळीने हा कर्करोग टाळण्याची वाट मात्र अर्धवट राहिली : अमेरिकेत २०१६ मध्ये पन्नाशीतल्या ठरावीक लोकांसाठी केलेली शिफारस २०२२ मध्ये मागे घेतली गेली.

पुढे कार्डाची जागा फिट (FIT) या शौचातल्या रक्ताच्याच नव्या चाचणीने घेतली. तिच्यात नमुना खाचांच्या काडीने घेऊन द्रव भरलेल्या छोट्या बाटलीत टाकतात. ती अँटीबॉडीने फक्त माणसाच्या हिमोग्लोबिनमधलं ग्लोबिन हे प्रथिन शोधते, म्हणून मटण-मुळ्याचं पथ्य लागत नाही. जठरातून आलेलं रक्तही सहसा दाखवत नाही, कारण वरचं ग्लोबिन वाटेतच पचून जातं. पण फिट आकडा देते आणि कुठल्या आकड्यावर पॉझिटिव्ह म्हणायचं हे माणसांनी ठरवायचं असतं. इंग्लंडने २०१९ मध्ये १२० मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम (एक ग्रॅम शौचात इतकं हिमोग्लोबिन) ही रेषा घेतली, स्कॉटलंडने ८०. नेदरलँड्सने २०१४ च्या जानेवारीत १५ ने सुरुवात केली आणि त्याच वर्षाच्या मध्यावर ती ४७ वर नेली, कारण अपेक्षेपेक्षा जास्त लोक पॉझिटिव्ह आले आणि कोलोनोस्कोपीच्या तारखा पुरेनात. रोग तोच, चाचणी तीच, रेषा मात्र उपलब्ध दुर्बिणींवर ठरली. मिनेसोटातला पाण्याचा थेंब हीच गोष्ट वेगळ्या रूपात होती. रिपोर्टमध्ये एककांचाही घोळ होतो. एका प्रचलित बाटलीत काडीच्या खाचा १० मिलिग्रॅम नमुना २ मिलिलिटर द्रवात नेतात, म्हणून तिथे १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे २० मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम. दुसऱ्या कंपनीच्या बाटलीला हा गुणाकार चालत नाही.

पुण्यात ही चाचणी करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक, उष्णता. इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या अभ्यासात हिवाळ्यापेक्षा उन्हाळ्यात फिट पॉझिटिव्ह येण्याची शक्यता सुमारे १७ टक्क्यांनी कमी होती, कारण उकाड्यात ग्लोबिन मोडतं. एप्रिल-मे महिन्यात चाळिशी ओलांडणाऱ्या पाऱ्यात बाटली स्कूटरच्या डिकीत दुपारभर राहिली तर निगेटिव्हचा अर्थ लावणं अवघड. ती फ्रिजमध्ये ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात नाही, आणि सकाळीच पोहोचवावी. दुसरी, नमुना घेण्याची रीत. भारतीय पद्धतीच्या संडासात पाणी लागायच्या आत, भांड्यावर कागद पसरून नमुना घ्यावा. काडी चार-पाच ठिकाणी टोचावी आणि फक्त खाचा भराव्यात. लगदा जास्त गेला की आकडा फुगतो. बाटलीवर तारीख लिहावी. हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये ‘स्टूल ऑकल्ट ब्लड’ एवढंच लिहिलेलं असतं. ती राळेची की अँटीबॉडीची, हे विचारून घ्यावं. राळेची असेल तर एका नमुन्यावर भागत नाही.

पॉझिटिव्ह आल्यावर चाचणी पुन्हा करून पाहणं ही आपल्याकडची सर्वांत महागडी चूक आहे. दुसरी निगेटिव्ह आली की माणूस सुटकेचा श्वास टाकतो, पण पॉलिप रोज रक्त सांडत नाही. पुढची पायरी कोलोनोस्कोपीच. तिचा कस तयारीत लागतो. दोन-तीन दिवस पालेभाज्या, पेरू, टोमॅटोच्या बिया, तीळ, कोथिंबीर, भाकरी बंद. मऊ भात, सालीशिवायच्या मुगाचं वरण, ताक चालतं. जुलाबाचं औषध निम्मं आदल्या संध्याकाळी आणि निम्मं तपासणीआधी चार ते सहा तास घ्यायचं. सगळं आदल्या रात्रीच घेतलं तर पहाटेपर्यंत उजव्या बाजूला पिवळा थर साचतो आणि चपटे पॉलिप नेमके त्याखालीच दडतात. दुर्बीण बाहेर काढताना निदान सहा मिनिटं पाहणं अपेक्षित आहे.

भारतात या कर्करोगाचं प्रमाण दर लाखामागे वर्षाला पाचच्या आसपास आहे, ऑस्ट्रेलियात त्याच्या कित्येक पट. म्हणूनच कर्करोग तपासणीच्या २०१६ च्या राष्ट्रीय आराखड्यात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांचीच तपासणी आली. पुण्याची लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी १९७३ पासूनची आहे, त्यामुळे इथला बदल मोजण्याचं साधन हाताशी आहे. सध्या तातडीचा प्रश्न स्क्रीनिंगच्याही आधीचा आहे : शौचातून रक्त पडलं की मूळव्याध म्हणून महिनोन्‌महिने मलम लावलं जातं. ज्याला रक्त दिसतंय, वजन घटतंय किंवा कारणाशिवाय ॲनिमिया आहे त्याने स्क्रीनिंगच्या वाटेला न जाता थेट तपासून घ्यावं. आई-वडिलांना किंवा भावंडांना हा आजार कमी वयात झाला असेल त्यानेही पन्नाशीची वाट पाहू नये.

उद्या इथे फिटचा कार्यक्रम आखायचा झाला तर हिशोब असा होईल. समजा एक लाख लोकांना बाटल्या दिल्या आणि निम्म्या परत आल्या. रेषा अशी ठेवली की ५ टक्के पॉझिटिव्ह येतात, तर २,५०० कोलोनोस्कोपी. दिवसाला दहा आणि वर्षाला अडीचशे दिवस धरले तर एक पूर्ण खोली, एक डॉक्टर आणि भूल देणारी माणसं वर्षभर याच कामाला. रेषा खाली आणून १० टक्के केली की दुसरी खोली लागेल. आणि आज त्या खोल्यांच्या बाहेर रक्तस्रावाचे रुग्ण तारखेसाठी थांबलेले आहेत. त्यांचा क्रमांक आधी ठेवूनच हा आकडा ठरवावा लागेल.