थुंकीची डबी आणि द्राक्षाची छाटणी : क्षय तपासणीची पार्श्वभूमी

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच दाखवून दिला. काचपट्टीवर थुंकी रंगवून बघायची स्वस्त तपासणीही त्यानंतर लवकरच हाती आली. मग इतकी वर्षं रुग्ण शोधणं अडलं कुठे?

याचं पहिलं लख्ख उत्तर आपल्याच देशात मिळालं. बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेचे डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यातल्या रुग्णांची विचारपूस केली. १९६३ मध्ये त्यांनी मांडलं ते असं : बहुतेक रुग्णांना आपली लक्षणं जाणवत होती. निम्म्याहून जास्त जण दवाखान्याची पायरी चढलेही होते, पण खोकल्याचं औषध घेऊन परतले होते. लोक अडाणी म्हणून रोग लपला, हा समज त्यातून पुसला गेला. दारात आलेल्या माणसाची थुंकीच कुणी घेतली नव्हती. हाती असलेला उपाय लोकांपर्यंत प्रत्यक्षात कसा पोहोचवायचा याचा अभ्यास म्हणजे ‘अंमलबजावणीचं शास्त्र’. हे नाव बरंच नंतर रुळलं, त्या नावाचं नियतकालिक २००६ मध्ये निघालं; पण माझ्या मते या शास्त्राचा आपल्याकडचा आरंभ तुमकूरचाच.

राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम १९६२ चा, सुधारित कार्यक्रम १९९७ चा. तो देशभर पोहोचायला २००६ उजाडलं. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दोन तासांत निदान देणाऱ्या कार्ट्रिज तपासणीची (थुंकीतल्या जंतूचा जनुकीय अंश यंत्राने शोधणाऱ्या तपासणीची) शिफारस केली. गोव्याच्या कंपनीचं, बॅटरीवर चालणारं ट्रूनॅट हे तशाच तपासणीचं यंत्रही पुढे आलं. यंत्रांचा प्रश्न बराचसा सुटला.

नाशिक जिल्ह्यात उरतो तो माणसांच्या वेळापत्रकाचा. ऑक्टोबरची छाटणी लागली की सुरगाणा-पेठची कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर उतरतात. त्या दिवसांत पाड्यावर सर्वेक्षण ठेवलं तर आशाताईंना कुलुपंच भेटणार. म्हणून आधी ठरवायला हवं : तपासणी पाड्यावर की बागेवर, नमुना कोण नेणार, आणि मजूर दुसऱ्या बागेवर गेला तर अहवाल त्याला कुठे गाठणार?

एका डबीचंच बघा. आशाताई समजावतात, लाळ नको, छातीतून खोकून काढलेला बेडका हवा, आणि दुसरा नमुना सकाळी उठल्याउठल्याचा. बाई मान डोलावून डबी घेते. पण सकाळी आरोग्य केंद्र उघडायच्या आधीच मजुरांची पिकअप बागेकडे निघालेली असते, आणि भरलेली डबी झोपडीच्या वळचणीला तशीच राहते.