लाटेकमधील शीर्षकांतर्गत दुव्यांचे रंग

लाटेक या अक्षरजुळणी प्रणालीत प्रकरण, विभाग व उपविभाग यांच्या शीर्षकांत येणाऱ्या दुव्यांना उर्वरित मजकुरातील दुव्यांहून वेगळा रंग देण्याची पद्धत. तिचा आधार हायपररेफ हे पॅकेज (लाटेकला जोडायची पूरक आज्ञावली) होय.

डोनाल्ड क्नूथ यांच्या टेक प्रणालीवर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात लाटेक उभारले, तेव्हा दुव्यांची सोय त्यात नव्हती. हायपररेफ सर्वसाधारणपणे सेबॅस्टियन रात्झ यांच्या नावाने ओळखले जाते आणि त्याचा प्रारंभ १९९० च्या दशकाच्या मध्याच्या सुमारास धरला जातो. तथापि पॅकेजच्या माहितीपुस्तिकेतच टेकमध्ये दुव्यांची सोय करणाऱ्या आधीच्या हायपरटेक प्रकल्पाचे ऋण मान्य केलेले असल्याने, ते एका व्यक्तीची स्वतंत्र निर्मिती मानण्यापेक्षा त्या प्रकल्पाचा विस्तार मानणे अधिक सयुक्तिक ठरते. पुढे हाइको ओबरडीक यांनी त्याची दीर्घकाळ देखभाल केली.

कोणताही पर्याय न दिल्यास हायपररेफ दुव्यांभोवती रंगीत चौकटी काढते. त्या पडद्यावर दिसतात, छपाईत उमटत नाहीत. ‘कलरलिंक्स’ हा पर्याय दिल्यास मात्र अक्षरेच रंगतात : अंतर्गत दुवे लाल, संदर्भोल्लेख हिरवे आणि संकेतस्थळांचे पत्ते किरमिजी. शीर्षकाला स्वतःचा रंग असला, तरी दुवा सुरू होताच त्याचा रंग वरचढ ठरतो. त्यामुळे गडद निळ्या पट्टीवरील पांढऱ्या शीर्षकात आकृतीचा क्रमांक तेवढा लाल उमटतो व जेमतेम वाचता येतो.

यावर उपाय दोन प्रकारचे आहेत. पहिल्यात ‘हायपरसेटअप’ ही, हायपररेफचे पर्याय (येथे दुव्याचा रंग) ठरवणारी आज्ञा शीर्षकाच्या मजकुरातच लिहितात. हा मजकूर अनुक्रमणिका, पानाच्या माथ्यावरील ओळ आणि पीडीएफमधील बुकमार्क अशा तीन ठिकाणी प्रवास करीत असल्याने आज्ञाही त्याच्याबरोबर जाते. बुकमार्कमध्ये केवळ साधी अक्षरे चालत असल्यामुळे तेथे इशारे मिळतात व पानासाठी एक आणि बुकमार्कसाठी दुसरा मजकूर देणाऱ्या ‘टेकऑरपीडीएफस्ट्रिंग’ या आज्ञेचा आधार घ्यावा लागतो. दुसऱ्या प्रकारात तीच आज्ञा शीर्षकाच्या मांडणीत, उदाहरणार्थ हावियेर बेझोस यांच्या, शीर्षकांचे रूप ठरवणाऱ्या टायटलसेक पॅकेजमधील ‘टायटलफॉरमॅट’ या आज्ञेमध्ये, घालतात. मांडणीची व्याप्ती त्या शीर्षकापुरतीच असल्याने पुढील परिच्छेदांतील दुव्यांचा रंग पूर्ववत राहतो. हाच मार्ग श्रेयस्कर होय. त्यात विशिष्ट रंगाऐवजी एक्सकलर या रंगांसाठीच्या पॅकेजचे ‘चालू रंग’ दर्शविणारे पूर्णविरामाचे चिन्ह दिल्यास दुवा शीर्षकाचाच रंग घेतो आणि पुढे शीर्षकाचा रंग बदलला, तरी वेगळी दुरुस्ती करावी लागत नाही. पानमाथ्याची मांडणी निराळी असल्याने तेथील दुव्यांसाठी मात्र स्वतंत्र सोय करावी लागते.

अनुक्रमणिकेतील नोंद स्वतःच दुवा असल्याने शीर्षकातील दुवा तेथे दुव्यात दुवा ठरतो. अशा वेळी ‘सेक्शन’ आज्ञेच्या चौकटी कंसात दुवाविरहित पर्यायी शीर्षक द्यावे, किंवा दुवा न करता केवळ क्रमांक छापणारी, ‘रेफ’ या संदर्भ देणाऱ्या आज्ञेची तारांकित आवृत्ती वापरावी.