पक्षाघाताची सूचक लक्षणे

मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा, रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याने किंवा ती फुटल्याने, एकाएकी बिघडला म्हणजे पक्षाघात (अर्धांगवायू, लकवा) होतो. तोंड वाकडे होणे, एका बाजूच्या हातापायातील शक्ती जाणे, बोलणे अडखळणे किंवा दुसऱ्याचे बोलणे न समजणे ही त्याची परिचित लक्षणे होत. याच लक्षणांवर ‘फास्ट’ (फेस, आर्म, स्पीच, टाइम म्हणजे चेहरा, हात, बोलणे व वेळ) ही चाचणी ब्रिटनमध्ये १९९८ च्या सुमारास बेतली गेली. मेंदूच्या मागील भागातील पक्षाघात तिच्यातून निसटतात. म्हणून तोल जाणे व दृष्टी अचानक अंधुक होणे यांचीही पुढे तिच्यात भर घालण्यात आली. कधी न अनुभवलेली तीव्र डोकेदुखी विशेषतः रक्तस्रावात आढळते.

आयुर्वेदात वातव्याधींमध्ये (वातदोषाने होणाऱ्या रोगांमध्ये) पक्षवध (शरीराची एक बाजू लुळी पडणे) व अर्दित (तोंड वाकडे होणे) यांची वर्णने आहेत. अर्दितात सुश्रुत केवळ चेहऱ्याचा विकार धरतो, तर चरकसंहितेत शरीरार्धाचाही उल्लेख येतो. चरकसंहितेतील चिकित्सास्थान या उपचारविषयक विभागाचा काही भाग दृढबल या वैद्याने नंतर पूर्ण केल्यामुळे या वर्णनाचा काळ सांगणे कठीण आहे. अर्दित म्हणजे चेहऱ्याच्या मज्जातंतूचाच विकार, हे मत सुश्रुताच्या वर्णनाला अधिक जुळते. त्या विकारात कपाळाच्या त्या बाजूलाही आठ्या पडत नाहीत. पक्षाघातात बहुधा पडतात. तथापि हा भेद डॉक्टरांनी ठरवावयाचा आहे.

काही मिनिटांत ओसरणाऱ्या लक्षणांच्या व्याख्येबद्दल दीर्घकाळ मतभेद होते. पूर्वी चोवीस तासांच्या आत नाहीशी होणारी लक्षणे ‘क्षणिक झटका’ मानली जात. परंतु अशा अनेक रुग्णांच्या एमआरआयमध्ये मेंदूला कायमची इजा दिसू लागली, तेव्हा २००९ मध्ये अमेरिकन तज्ज्ञांनी कालमर्यादा वगळून मेंदूच्या ऊतीला (पेशीसमूहाला) इजा झाली की नाही हा निकष धरला. हीच व्याख्या अधिक ग्राह्य वाटते. व्याख्या कोणतीही घेतली, तरी हात पूर्ववत चालू लागला म्हणून रुग्णाला घरी ठेवणे धोक्याचे असते. मोठा झटका पुष्कळदा पुढील एकदोन दिवसांतच येतो.

गुठळी विरघळविणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आत देतात. गुठळी यंत्राने काढणे निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंत शक्य असते. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नसल्याची खात्री होईपर्यंत ॲस्पिरिन देऊ नये. वेळेची गणना लक्षणे सुरू झाल्यापासून करतात. झोपेतून उठताना ती आढळल्यास रुग्ण शेवटचा ठीक दिसल्याची वेळ धरतात, म्हणून ती घरच्यांनी डॉक्टरांना सांगावी.