ट्रकवरची उतरवता येणारी खोली : ऑर्डर देण्याआधी एवढं वाचा

ट्रकवर बसवायची आणि हवी तेव्हा उतरवून ठेवता येणारी राहायची खोली आम्ही बनवतो. बहुतेक ग्राहक पहिल्या भेटीलाच पलंग कुठे, ओटा कुठे, खिडकी कुठल्या बाजूला असा नकाशा घेऊन येतात. जरूर आणा, पण तो आम्ही नंतर बघतो. आधी ट्रकखाली शिरतो.

कारण ट्रकची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, पिळते. दोन लांब पोलादी तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे, अशी ती शिडीसारखी असते आणि खडबडीत जमिनीवर चारही चाकं टेकावीत म्हणून तिला मुद्दाम लवचीक ठेवलेलं असतं. खोलीला मात्र पीळ चालत नाही. आमच्या शेडमध्ये आम्ही ग्राहकासमोर ट्रकचं पुढचं एक चाक ठोकळ्यावर चढवतो आणि त्याला मागे उभं राहून बघायला सांगतो. केबिन एकीकडे झुकलेली, मागचा हौदा जवळपास सरळ. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की "चार बोल्ट मारून घट्ट बसवा" असं सहसा कोणी म्हणत नाही. आमची पहिली खोली आम्ही अशीच घट्ट बसवली होती. काही महिन्यांत उशाकडच्या कोपऱ्याचा सांधा उघडला आणि पावसाचं पाणी थेट गादीत उतरलं.

आता आम्ही चासी आणि खोली यांच्यामध्ये वेगळी सबफ्रेम, म्हणजे मधली चौकट, देतो. वाट कच्ची असेल तर तीन टेकूंची : एका टोकाला दोन टेकू, दुसऱ्या टोकाला मधोमध एकच, फिरता. चासी खाली पिळत राहते, खोली सरळ राहते. बहुतेक डांबरी रस्त्यावरच फिरणार असाल तर स्प्रिंगवरची सबफ्रेम पुरते. ती हलकी पडते आणि उंचीही कमी वाढते. सबफ्रेम ट्रकवर कायम राहते. खोली तिच्यावर चार कोपऱ्यांत ट्विस्टलॉकने अडकते, म्हणजे मालवाहू कंटेनरला असतं तेच कुलूप, 90 अंश फिरवलं की लागतं. चासीवर वेल्डिंग आम्ही करत नाही. भोकंही ट्रक बनवणाऱ्या कंपनीच्या पुस्तकात जिथे चालतात म्हटलंय तिथेच पाडतो.

वजनाचा हिशेब सोपा आहे, तरी बहुतेकांचा चुकतो तो इथेच. ट्रकच्या कमाल वजनातून रिकाम्या ट्रकचं वजन वजा करा. उरलं त्यात खोली, सबफ्रेम, सामान, माणसं आणि पाणी बसायला हवं. 300 लिटर पाणी म्हणजे 300 किलो, आणि ते डुचमळतं. म्हणून टाकी खाली, अ‍ॅक्सलच्या (चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या) जवळ आणि आत आडव्या पट्ट्या घालून. सगळं जड सामान मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे गेलं तर पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग पकड सोडतं. एकूण वजन मर्यादेत असूनही एक अ‍ॅक्सल ओव्हरलोड असू शकतो, म्हणून दोन्ही वेगवेगळे तोलायचे.

भिंती फायबरग्लासच्या दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या पॅनेलच्या. आतून बाहेर जाणारी लोखंडी पट्टी शक्यतो नको. बाहेर थंडी पडली की तिच्यावरच दव धरतं. गॅस हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक हवंच. कार्बन मोनॉक्साईडचा अलार्मही आम्ही लावतोच, नको म्हटलंत तरी.

खोली उतरवताना आधी वायर आणि पाण्याचे पाइप काढा, मग लॉक उघडा. वायर तशीच ठेवून ट्रक पुढे घेतलेले ग्राहक आम्ही पाहिले आहेत. त्यामुळे आता प्लग ड्रायव्हरला आरशात दिसेल अशा जागी बसवतो. खोलीच्या चारही जॅक-पायांखाली जाड फळ्या द्या आणि समोरासमोरचे पाय थोडे थोडे लांबवत खोली उचला. पाय ट्रकच्या रुंदीबाहेर असतात, तेव्हा मधून ट्रक सावकाश निघतो. त्यानंतर खोली लगेच खाली घ्या. उंच पायांवर ती वाऱ्याने हलते आणि तिथे झोपणं धोक्याचं आहे.

पहिल्या भेटीला येताना रिकाम्या ट्रकची वजनकाट्यावरची पावती, दोन्ही अ‍ॅक्सलची वेगवेगळी, आणि गाडीची नोंदणीची कागदपत्रं आणा. नकाशा पेन्सिलीने काढलेला असला तर बरं, खोडावा लागतो.