तारखा जुळतात त्या कशा?

१२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिन यांनी वोस्तोक-१ या यानातून १०८ मिनिटांचे उड्डाण केले आणि ते अवकाशात जाणारे पहिले मानव ठरले. त्यानंतर बरोबर २० वर्षांनी, १२ एप्रिल १९८१ रोजी, जॉन यंग आणि रॉबर्ट क्रिपेन यांना घेऊन ‘कोलंबिया’ हे पहिले स्पेस शटल अवकाशात झेपावले. हा दिवस मुद्दाम निवडला असावा, असे कोणालाही वाटेल. परंतु उड्डाण ठरले होते १० एप्रिलला. यानावरचे चार मुख्य संगणक आणि पाचवा राखीव संगणक यांच्या वेळेचा मेळ बसेना, म्हणून ते दोन दिवस पुढे ढकलावे लागले. संगणक सुरू करताना हा दोष उद्भवण्याची शक्यता ६७ मध्ये एक एवढीच होती, असे नंतरच्या तपासात आढळले. अवकाशयुगातला हा सुरेख योग एका बारीकशा प्रोग्रॅमिंग दोषाने जुळवून आणला, आणि मला तो त्यामुळेच अधिक मोलाचा वाटतो.

असे योग एरवी किती दुर्मीळ असतात, याचा आपला अंदाज बहुधा चुकतो. एका खोलीत २३ माणसे असतील, तर त्यांपैकी कोणा दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता ५० टक्क्यांहून किंचित जास्त असते. माणसे ५७ झाली की ती ९९ टक्क्यांवर जाते. हे खरे वाटत नाही, कारण आपण नकळत स्वतःच्याच वाढदिवसाशी इतरांची तुलना करतो आणि तशा तुलना फक्त २२ होतात. प्रत्यक्षात २३ माणसांच्या २५३ जोड्या बनतात आणि त्यांपैकी कोणतीही एक जुळली तरी पुरते. इतिहासात तर नोंद घेण्याजोग्या घटना हजारोंनी आहेत आणि त्यांना सामावून घ्यायला दिवस फक्त ३६६. तारखा जुळल्या नसत्या, तरच नवल होते.

स्टीफन हॉकिंग यांचा जन्म ८ जानेवारी १९४२ चा, म्हणजे गॅलिलिओच्या मृत्यूला ३०० वर्षे पूर्ण झाली त्या दिवशीचा. आणि त्यांचे निधन झाले १४ मार्च २०१८ रोजी, आइन्स्टाइनच्या जन्मदिवशी. त्या ८ जानेवारीला जगात सुमारे दोन लाख बाळे जन्मली असतील, असे खुद्द हॉकिंग सांगत असत. शिवाय हीच तारीख केप्लर, मॅक्सवेल किंवा फॅरडे या शास्त्रज्ञांच्या जन्माशी वा मृत्यूशी जुळली असती, तरी आपण तेवढेच थक्क झालो असतो. जुळलेली तारीख लक्षात राहते; न जुळलेल्या असंख्य तारखा कोणी मोजत नाही.

कधी कधी तर जुळणीच खरी नसते. गॅलिलिओ ज्या वर्षी गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला, हे विधान वारंवार वाचायला मिळते. न्यूटनची जन्मतारीख २५ डिसेंबर १६४२ अशी नोंदलेली आहे खरी, पण ती ज्युलियन दिनदर्शिकेतली. त्या दिनदर्शिकेतले वर्ष ऋतुचक्राच्या वर्षापेक्षा सुमारे ११ मिनिटांनी मोठे होते आणि शतकानुशतके साचत गेलेली ही चूक दुरुस्त करण्यासाठी १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर मोजण्यात आला. गॅलिलिओच्या इटलीने हा बदल लगेच स्वीकारला, न्यूटनच्या इंग्लंडने मात्र १७५२ पर्यंत स्वीकारला नाही. दोन्ही तारखा एकाच मापाने मोजल्या, तर न्यूटनचा जन्म ४ जानेवारी १६४३ रोजी येतो आणि वर्ष बदलते. शेक्सपिअर आणि स्पॅनिश लेखक सर्व्हान्टिस हे दोघेही २३ एप्रिल १६१६ रोजी निवर्तले, या समजुतीचीही तीच गत आहे. स्पेनने नवी दिनदर्शिका तेव्हाच स्वीकारली असल्याने तिथला २३ एप्रिल इंग्लंडच्या १० दिवस आधी उजाडला होता.

योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही, असे उदाहरण मला एकच अस्वस्थ करते. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारे थॉमस जेफरसन आणि तो तयार करणाऱ्या समितीतले जॉन ॲडम्स हे दोघेही ४ जुलै १८२६ रोजी, जाहीरनाम्याला ५० वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, काही तासांच्या अंतराने वारले. जेफरसन ८३ वर्षांचे होते, ॲडम्स ९० वर्षांचे. आदल्या रात्री, चार तारीख लागली का, असे जेफरसन यांनी विचारल्याचे त्यांच्या उशाशी असलेल्यांनी नोंदवले आहे. मरणासन्न माणूस एखाद्या दिवसासाठी तग धरू शकतो का, हा प्रश्न इथे रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर दोन मृत्यूंवरून देता येत नाही, त्यासाठी हजारो मृत्यूंच्या तारखा तपासाव्या लागतात.

तारीख ठरवताना जागाही पाहावी लागते. नील आर्मस्ट्राँग यांनी चंद्रावर पाऊल ठेवले, तेव्हा ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात २० जुलै १९६९ च्या रात्रीचे ९ वाजून ५६ मिनिटे झाली होती; जागतिक प्रमाणवेळेनुसार त्याच क्षणी २१ जुलैची पहाट होत होती.